वकिली सांभाळून घडवलेले गणित

1842 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत आर्थर केली पहिले आले. पण पहिला क्रमांक म्हणजे पोटापाण्याची कायमची सोय नव्हे. ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मुदतीची होती. तेव्हा 1821 मध्ये इंग्लंडमधील रिचमंड येथे एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या या तरुणाने लंडनची वाट धरली आणि 1849 मध्ये तो वकील झाला.

पुढची 14 वर्षे केली मालमत्तेच्या व्यवहारांचे दस्त तयार करत होते. गरजेपुरतीच कामे घ्यायची आणि उरलेला वेळ गणिताला द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. या काळात त्यांनी 200 हून अधिक शोधनिबंध लिहिले. लंडनमध्येच गणितज्ञ जेम्स सिल्व्हेस्टर यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या कोष्टकाला ‘मॅट्रिक्स’ हे नाव सिल्व्हेस्टर यांनी 1850 मध्ये दिले. अख्ख्या कोष्टकाला एकाच संख्येसारखे वागवून त्याचे अंकगणित केली यांनी 1858 च्या निबंधात उभे केले.

बेरीज सोपी आहे. सारख्या आकाराच्या दोन कोष्टकांतील एकाच जागेवरच्या संख्या मिळवायच्या. गुणाकारात मात्र पहिल्याची ओळ दुसऱ्याच्या स्तंभाशी जोडीजोडीने गुणून बेरीज घ्यायची. वाण्याचे बिल असेच होते: 50 रुपये दराने 2 किलो तांदूळ आणि 120 रुपये दराने 1 किलो डाळ, एकूण 220 रुपये. गंमत पुढे आहे. येथे क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. मोबाइलमधला फोटो आधी उजवीकडे वळवून मग आरशातल्यासारखा उलटवला, तर एक चित्र मिळते. आधी उलटवून मग वळवला, तर दुसरेच. केली यांनी हा फरक नियम म्हणूनच नोंदवला.

1863 मध्ये केंब्रिजच्या नव्या प्राध्यापकपदावर त्यांची निवड झाली. पगार वकिलीच्या कमाईहून बराच कमी होता. त्यांनी तो आनंदाने पत्करला आणि 26 जानेवारी 1895 रोजी निधन होईपर्यंत ते त्याच पदावर राहिले.

1925 मध्ये जर्मनीत वेर्नर हायझेनबर्ग यांच्या अणूविषयीच्या आकडेमोडीत गुणाकाराचा क्रम बदलताच उत्तर बदलू लागले. हे मॅट्रिक्सचेच गणित आहे, हे मॅक्स बॉर्न यांनी ओळखले. पुंज भौतिकीला लागणारी भाषा 67 वर्षांपूर्वीच तयार होती, तीही दस्त लिहिणाऱ्या एका वकिलाच्या फावल्या वेळात.