बालकवींची अर्धीच ओळख

श्रावणाची पहिली सर आली की मराठी घराघरांत बालकवींची आठवण जागी होते. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तिला आणखी एक अर्थ आहे. जेथे पाऊस पाहुण्यासारखा येतो, तेथील मुलाला ओल्या हिरवळीचे दर्शन पुष्कळदा पाठ्यपुस्तकातील कवितेतच घडते. परंतु ते घडविणाऱ्या कवीला स्थिर घर कधी लाभलेच नाही, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात. त्यामुळे बदलीमागून बदली आणि शाळेमागून शाळा. शिक्षण अपुरे राहिले. राने, ओढे आणि डोंगर हेच त्यांचे खरे गुरू ठरले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या कोवळ्या वयाच्या कवीला ‘बालकवी’ ही पदवी बहाल केली. पदवीने कीर्ती दिली, पोट भरले नाही. भटकंतीच्या त्या काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी अहमदनगरला त्यांना मुलाची माया दिली. धर्मभेद त्या मायेच्या आड आला नाही. २०२० साली आपल्या शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मराठी सारस्वताचे तेच औदार्य येथेही दिसले.

त्याच काळात वेल्समध्ये विल्यम हेन्री डेव्हिस हा असाच भटका निसर्गकवी होऊन गेला. १८९९ साली कॅनडात धावती आगगाडी पकडताना त्याने पाय गमावला. पण पुढे त्याने कवी म्हणून नाव मिळविले आणि तो १९४० पर्यंत जगला. बालकवींना नियतीने तेवढीही सवलत दिली नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकात आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस!

या आयुष्याची सावली कवितेवर पडल्यावाचून कशी राहील? ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या लेखणीनेच पडक्या धर्मशाळेतील ‘पारवा’ही रंगविला. ‘औदुंबर’च्या आठ ओळींत निसर्ग आहे, तसाच अथांग एकाकीपणाही आहे. तरीही शाळेत बालकवी म्हणजे फुले, पाखरे आणि आनंद, एवढेच समीकरण रूढ झाले.

आपल्या वर्गांतील कितीतरी मुलांना दुष्काळाने गाव सोडायला लावले आहे; ऊसतोडीच्या हंगामात त्यांची शाळा सुटते. गावोगाव फिरलेला, शिक्षण अर्धवट राहिलेला हा कवी त्यांना परका वाटणार नाही. म्हणून शिक्षकांनी बालकवींचा आनंद जरूर शिकवावा. पण तो सुखवस्तू माणसाचा नव्हता, हेही सांगावे. जे आयुष्याने दिले नाही, ते त्यांनी शब्दांतून इतरांना दिले. त्यांचे खरे मोठेपण येथेच आहे.