खासगीपणाचे वकील : लुई ब्रँडाइस

इंटरनेटवर एखादी वस्तू सहज पाहावी आणि पुढे कित्येक दिवस तिच्या जाहिरातींनी संकेतस्थळागणिक पाठलाग करावा, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. या पाळतीस साहाय्यभूत ठरणारी 'कुकी' १९९४ मध्ये जन्मली. उंबरठा न ओलांडता घरातले सारे टिपणाऱ्या यंत्रांविरुद्धचा युक्तिवाद मात्र त्याहून शतकभर जुना आहे. तो मांडणाऱ्यांत अग्रणी होते अमेरिकी विधिज्ञ लुई ब्रँडाइस.

१३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकीतील लुईव्हिल येथे, बोहेमियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमध्ये शिकताना दृष्टी अधू झाल्याने सहाध्यायी त्यांना पुस्तके वाचून दाखवीत. तरीही ते वर्गात पहिले आले. वर्गबंधू सॅम्युएल वॉरेन यांच्यासह त्यांनी बॉस्टनला वकिली थाटली. डिसेंबर १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावरील या दोघांचा निबंध 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झाला. कोडॅकचा हाती धरण्याजोगा कॅमेरा येऊन तेव्हा दोनच वर्षे लोटली होती. पूर्वी छायाचित्रासाठी माणसाला स्थिर बसावे लागे, म्हणजे त्याची संमती आपसूकच असे. आता नकळत छबी टिपता येऊ लागली आणि काही वृत्तपत्रांनी घराघरांतील कुजबुजीचा बाजार मांडला. ही हानी चोरीही नव्हे आणि बदनामीही नव्हे. ती कायद्याने स्वतंत्रपणे ओळखावी, हे त्यांचे प्रतिपादन.

गंमत अशी, की बँका आणि रेल्वे कंपन्यांचे व्यवहार चव्हाट्यावर आणणारा वकील म्हणूनच ब्रँडाइस अधिक गाजले. सत्ताधीशांचे व्यवहार उघड असावेत आणि सामान्यांचे आयुष्य झाकलेले, यात विसंगती नव्हतीच. १९१६ मध्ये मोठ्या वादंगानंतर ते अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायमूर्ती झाले.

त्यांची खरी कसोटी लागली १९२८ च्या ओल्मस्टेड खटल्यात. सिएटलमधील मद्यतस्करांची संभाषणे सरकारी अधिकाऱ्यांनी घराबाहेरील तारांना जोड देऊन कित्येक महिने ऐकली होती. घरात शिरकाव नाही, कागद जप्त नाहीत, मग झडती कसली, असा कौल पाच न्यायमूर्तींनी दिला. ब्रँडाइस भिन्नमतात राहिले. घटनाकारांना टेलिफोन ठाऊक नव्हता, एवढ्यावरून त्यांनी दिलेले संरक्षण दाराशी थांबत नाही. शिवाय तारेवर कान ठेवला की संशयितासह त्याच्याशी बोलणारा प्रत्येक जण उघडा पडतो, असे त्यांनी बजावले. खणाला हात न लावता त्यातील कागद न्यायालयात हजर करणारे तंत्र उद्या शासनाच्या हाती येईल, हा धोकाही त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

५ ऑक्टोबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. ओल्मस्टेडचा निर्णय अमेरिकेने सोडून दिला तो १९६७ मध्ये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्या निकालपत्रात १८९० च्या त्या निबंधाची चर्चा आहे; आणि वाचकाच्या नकळत त्याचा माग ठेवणाऱ्या कुकींचीही.