गाळाचे गणित मांडणारे स्टोक्स

आचऱ्याच्या खाडीत पाणी संथ झाले की वाळू आधी तळाला बसते, बारीक गाळ मागाहून. द्रवात बुडणाऱ्या सूक्ष्म कणांचा वेग सूत्रात बांधला तो सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी. आयर्लंडमध्ये धर्मोपदेशकाच्या घरी १८१९ साली जन्मलेले स्टोक्स १८४९ पासून १९०३ मधील निधनापर्यंत केंब्रिजला न्यूटन यांच्या अध्यासनावर होते. लंबकाला होणारा हवेचा अवरोध अभ्यासताना, १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की व्यास दुप्पट झाल्यास कण चौपट वेगाने बसतो.

तेलविहिरीत वजनासाठी चिखलात बराइट मिसळतात. ते तळाशी साचले, तर वरचा चिखल हलका होऊन वायू उसळण्याचा, कामगारांच्या जिवावर बेतण्याचा धोका असतो. म्हणून बेंटोनाइटने चिखल दाट राखतात. त्या हिशेबाचा पाया आजही स्टोक्स यांचेच सूत्र आहे.