दुकान जोरात असताना शटर ओढणारा पियानोवादक : फ्रान्झ लिस्ट

सप्टेंबर १८४७. आजच्या युक्रेनमधलं, पण तेव्हा रशियन साम्राज्यात असलेलं येलिसावेतग्राद हे शहर. तिथं फ्रान्झ लिस्टची पियानोची मैफल झाली. त्यानं बिदागी घेतली आणि त्यानंतर स्वतःसाठी पैसे घेऊन वाजवणं कायमचं बंद केलं. वय किती, तर ३५. बोटं आखडली नव्हती, मागणी उतरली नव्हती. धंदा ऐन भरात असताना मालकानं आपल्या हातानं शटर खाली ओढावं, तसा हा प्रकार.

लिस्ट जन्मला २२ ऑक्टोबर १८११ रोजी, रायडिंग नावाच्या खेड्यात. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं. १९२१ मध्ये सीमा सरकली आणि गाव ऑस्ट्रियात गेलं. त्याच्या घरातली भाषा जर्मन. पुढं आयुष्यभर सर्वात सरावाची झाली ती फ्रेंच. पण कुणी विचारलं की तो स्वतःला हंगेरियनच म्हणवायचा, आणि हंगेरियन भाषा मात्र त्याला धड कधीच आली नाही. १८४० मध्ये पेस्ट शहरात लोकांनी त्याला मानाची तलवार दिली, तेव्हा आभाराचं भाषण त्यानं फ्रेंचमध्ये केलं. सीमेवर राहणाऱ्यांना यात फार नवल वाटायचं कारण नाही.

वडील आडाम हे एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या नोकरीत होते. काम काय, तर मेंढ्यांचा हिशेब ठेवणं. पण माणूस संगीताचा वेडा. पोराचा हात पाहून त्यांनी १८२० मध्ये प्रेसबर्ग, म्हणजे आजचं ब्राटिस्लावा, इथं त्याला सरदारमंडळींसमोर बसवलं. त्यांनी शिक्षणाचा खर्च उचलला आणि कुटुंब व्हिएन्नाला गेलं. तिथं बीथोव्हेनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनी एक पैसा न घेता शिकवलं. पोराचा ताल सैल होता, बोटं मनाला येतील तशी पडत होती. चेर्नींनी दोन्ही गोष्टी पार मुळापासून दुरुस्त केल्या. शिष्य हे ऋण विसरला नाही.

पॅरिसला गेल्यावर तिथल्या संगीत विद्यालयानं परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. नाकारणारे संचालक केरुबिनी स्वतः इटालियन होते, ही आणखी एक गंमत. १८२७ मध्ये वडील वारले. १५ वर्षांचा मुलगा आईला सांभाळण्यासाठी घरोघर शिकवण्या करू लागला.

कलाटणी मिळाली ती १८३२ च्या एप्रिलमध्ये. पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होती आणि रुग्णांच्या मदतीसाठी पागानिनीचा व्हायोलिनचा कार्यक्रम झाला. एका वाद्यातून माणूस काय काय काढू शकतो ते पाहून लिस्ट हादरला. मग रोज चार-चार, पाच-पाच तास नुसते बोटांचे व्यायाम. पण त्याच पत्रात, जिथं त्यानं हा रियाज सांगितला आहे, तिथं होमर, बायबल, प्लेटो, बीथोव्हेन, बाख अशी अभ्यासाची यादीही आहे. हे सहसा कुणी सांगत नाही. तयारी आणि समज या दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी कमवत होता.

आपल्याकडे गाण्यातले जुने श्रोते गळ्याची तयारी वेगळी आणि गाणं वेगळं असं मानतात. तान सुसाट गेली म्हणजे राग उभा राहिला असं होत नाही. पियानोच्या दुनियेत हाच वाद शे-दोनशे वर्षं चालू आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साक्षीदार म्हणून एकाच माणसाला उभं करता येतं. तो लिस्ट.

१८३७ मध्ये छापून आलेल्या एका लेखात त्यानं स्वतःच कबुली दिली, की टाळ्यांच्या मोहानं आपण बीथोव्हेनसारख्यांच्या रचनांत आपल्या पदरच्या झटपट करामती घुसडत होतो. त्याच्या आदल्याच वर्षी त्यानं पॅरिसमध्ये बीथोव्हेनचा 'हामरक्लाव्हिअर' सोनाटा वाजवला होता. लांबलचक, अवघड, बहुतेकांना न वाजवता येणारा. संगीतकार बेर्लिओझ समोर छापील स्वरलिपी घेऊन बसला होता. एक सूर जास्त नाही, एक कमी नाही, असा निर्वाळा त्यानं दिला.

पण लोकांना हवी होती झुंज. सिगिस्मुंड थालबर्ग नावाचा वादक तेव्हा पॅरिस गाजवत होता. मधली धून दोन अंगठ्यांनी धरायची आणि भोवती बाकीच्या बोटांनी सुरांचा पाऊस पाडायचा. ऐकणाऱ्याला वाटे, याला तीन हात आहेत. ३१ मार्च १८३७ रोजी राजकुमारी बेल्जोयोसो हिच्या दिवाणखान्यात दोघं एकाच कार्यक्रमात वाजवले. तिकीट ४० फ्रँक, जमलेला पैसा इटालियन निर्वासितांसाठी. निकाल असा लागलाच नाही.

पुढची आठ वर्षं, १८३९ ते १८४७, नुसती धावपळ. लिस्बनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत मैफली. संपूर्ण कार्यक्रम एकट्यानं करायचा, कागद समोर न ठेवता वाजवायचं, पियानो आडवा लावून बाजूचा चेहरा श्रोत्यांना दिसू द्यायचा, ही आजची सगळी रीत त्यानं रूढ केली. बर्लिनमध्ये सुमारे दहा आठवड्यांत त्यानं २१ मैफली केल्या. बायका त्याच्या हातमोज्यांसाठी, तुटलेल्या तारांसाठी भांडत. कवी हाइने यानं या वेडाला लिस्टोमॅनिया असं नाव दिलं.

या गोंगाटात राजकुमारी कॅरोलिन भेटली. तिनं रचनेकडे वळण्याचा आग्रह धरला, आणि त्याच्या मनातही ते होतंच. १८४८ मध्ये तो वायमारच्या छोट्या दरबारी नोकरीत स्थिरावला. वाग्नर राजकीय भानगडीमुळे परागंदा असताना त्याचा 'लोहेनग्रिन' लिस्टनं १८५० मध्ये तिथं रंगमंचावर आणला.

या काळातलं त्याचं एक काम मुद्दाम बघण्यासारखं आहे. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यानं बारा सरावरचना लिहिल्या होत्या. ऐन उमेदीत, १८३७ मध्ये, त्याच इतक्या अवघड केल्या की भलेभले हात टेकतील. आणि १८५२ मध्ये पुन्हा हातात घेऊन सोप्या केल्या. सोप्या म्हणजे आजही कसोटी पाहणाऱ्याच, पण जिथं अवघडपणा केवळ अवघडपणासाठी होता, तिथं कात्री चालवली. मोठ्या पंजाशिवाय न पोचणारे सूर काढले, भरणा कमी केला, धून मोकळी केली. ती आवृत्ती त्यानं चेर्नी गुरुजींना अर्पण केली. स्वतःच्याच खातेवहीत स्वतःच लाल शाईनं खुणा करणं सोपं नसतं.

तरी शिक्का पुसला गेला नाही. क्लारा शूमन ही त्या काळची थोर पियानोवादिका. वादकानं रचनेपुढं स्वतःला मागं ठेवावं, हा तिचा धर्म. १८३८ मध्ये व्हिएन्नात ती लिस्टचं वादन ऐकून भारावली होती. पुढं तिला त्याचा वीट आला. लिस्टनं आपला बी मायनर सोनाटा १८५३ मध्ये पूर्ण करून तिचा नवरा रोबर्ट शूमन याला अर्पण केला. छापील प्रत घरी आली तेव्हा रोबर्ट मनोरुग्णालयात होता. तरुण ब्राम्सनं तो क्लाराला वाजवून दाखवला. तिला त्यात गोंधळाशिवाय काही सापडलं नाही, आणि वर आभार मानावे लागणार याचाच तिला जास्त त्रास झाला. तिचं दुःख समजण्यासारखं आहे, पण कान इथं चुकला. अर्ध्या तासाची ही अखंड रचना आज पियानोच्या सर्वात मोठ्या कृतींत धरतात.

घरचे घाव निराळे. मुलगा डॅनिएल १८५९ मध्ये गेला, थोरली मुलगी ब्लांदीन १८६२ मध्ये. १८६५ मध्ये लिस्टनं चर्चची प्राथमिक दीक्षा घेतली आणि काळा झगा चढवला. रोम, वायमार, बुडापेस्ट अशी फिरती सुरू झाली. शिष्य देशोदेशीचे, फी कुणाकडूनही नाही. नुसत्या वेगाचा दिमाख दाखवायला आलेल्यांची तो चांगली टर उडवी. बोटांचं काम घरी करून या, ही त्याची अट असे.

१८८१ मध्ये त्यानं 'करडे ढग' नावाची दोन पानांची रचना लिहिली. चार-पाच वर्षं शिकलेला विद्यार्थीही त्यातले सूर दाबू शकेल, इतके ते थोडे. शेवटही नीट मिटत नाही, तसाच लोंबत राहतो.

३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइथला, वाग्नरच्या महोत्सवाच्या गर्दीत, न्यूमोनियानं लिस्ट वारला. महोत्सव चालवत होती त्याची मुलगी आणि वाग्नरची विधवा कोसिमा. कार्यक्रम थांबले नाहीत. चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी ऑर्गनवर आंतोन ब्रुकनर बसले होते. त्यांनी वाजवल्या वाग्नरच्या 'पार्सिफाल'मधल्या धुना.