सत्य आणि दया : पंडिता रमाबाईंचें चरित्र



दौंडहून पुण्यास आगगाडीनें जातांना केडगांव स्टेशन लागतें. तेथील मुक्तिसदनाचें नांव शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत कोणास ठाऊक नाहीं? या ज्युबिलीच्या निमित्तानें त्याच्या संस्थापिकेचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. पंडिता रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, हें आरंभींच सांगून टाकतों. कारण आमचा विषयच सत्य व दया हा आहे, आणि स्तुतीच्या भरांत सत्य झांकणें आम्हांस शोभणार नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीस दिलें. पुढें दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण मरण पावलीं. रमाबाई भावासह देशोदेशीं पायीं हिंडल्या. १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाहानंतर दोनच वर्षांत, १८८२ सालीं, पति निवर्तले; कडेवर तान्ही मनोरमा होती.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वांटेज येथें अँग्लिकन भगिनींच्या आश्रयास असतां त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. लवकरच उभयतांत धर्मसिद्धांतांवरून मतभेद झाला. न पटलेलें पटलें असें भासवून आश्रयदात्यांस खूष करणें सोपें होतें. बाईंनीं तें केलें नाहीं. त्यांचीं कित्येक मतें आम्हांस मान्य नाहींत. तथापि खोट्या होकारापेक्षां प्रामाणिक नकार बरा. पत्रें कठोर झालीं, तरी स्नेह तुटला नाहीं. पुढें जेराल्डीनबाईंनींच तीं जपून एकत्र केलीं.

खरी कसोटी पुढें लागली. १८८९ सालीं बाईंनीं विधवांसाठीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. धर्माच्या बाबतींत सक्ती करणार नाहीं, असें त्यांचें वचन होतें. त्या आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. गवगवा झाला. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. तेही विधवांचे कैवारी होते, आणि वचनास बाध येतो असें त्यांस वाटलें, हें सांगणें न्यायाचें आहे. बाईंनीं दार लाविलें नाहीं, मुलींस हांकलिलें नाहीं, आणि कोणास ओढूनही आणिलें नाहीं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिनें त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. ती हिंदूच राहिली, तरी तिला बाईंचें पाठबळ होतें.

पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. सत्याची किंमत एकट्या बाईंनीं नव्हे, त्या अनाथ पोरींनींही दिली. ही गोष्ट त्या माउलीस किती जड गेली असेल! परंतु दयेचें दार तिनें मिटलें नाहीं. १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतांतील व १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळग्रस्त मुलींस तिनें केडगांवीं आसरा दिला. अल्पशिक्षित स्त्रियांस कळावें म्हणून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच तिनें देह ठेविला.

बंधुभगिनींनो, संत पौलानें सत्य व प्रीति यांची सांगड घातली आहे. आपण मात्र तीं वेगळीं करतों. कोणी सत्याचा धोंडा करून शेजाऱ्यावर फेंकतो, तर कोणी दयेच्या नांवाखालीं गप्प बसतो. आम्ही स्वतः यांतून सुटलों नाहीं. दारूच्या आहारीं गेलेल्या एका गृहस्थास दुखवूं नये म्हणून आम्ही पुष्कळ दिवस बोललों नाहीं. ती दया नव्हती, आमचा भित्रेपणा होता. आणि त्याची किंमत त्याच्या बायकोमुलांनीं भरली.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येकानें एक नेम करावा. सुनेची चूक सांगावयाची असेल तर चारचौघांत न सांगतां एकांतांत सांगावी. भावाचा हिशेब चुकला असेल तर तो झांकूं नये, पण त्याचा हातही सोडूं नये. सांगण्यापूर्वीं त्या माणसासाठीं एकदां प्रार्थना करावी, आणि सांगितल्यावर आपलें दार उघडें ठेवावें. प्रभु येशू आपणां सर्वांस तें बळ देवो.