रहमान, रहीम आणि मौलाना आझाद

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात ९ एप्रिल १९४३ रोजी दुपारी एक तार पोचली. कोलकात्यात झुलेखा बेगम यांचे निधन झाले होते. त्यांचे पती मौलाना अबुल कलाम आझाद हे त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झाल्यापासून याच किल्ल्यात स्थानबद्ध होते. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव हे त्यांचे सहबंदी. पत्नीची प्रकृती ढासळत असल्याचे कळले तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते की, सरकारकडे काही विनंती करायची असल्यास ती तातडीने वर पाठवली जाईल. ज्या सरकारशी लढा चालू आहे त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, हा आझादांचा निश्चय होता. त्यांनी काहीही मागितले नाही.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून आझाद सर्वांना परिचित आहेत. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. मात्र ज्या ग्रंथावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, तो 'तर्जुमानुल कुरआन' अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोचला नाही. कुरआनच्या या उर्दू अनुवादाच्या व भाष्याच्या आरंभी 'सूरह फातिहा' या पहिल्या अध्यायाचे विस्तृत विवरण आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी एकच शब्द आहे : रहमत, म्हणजे दया.

हा शब्द मुस्लिम घरांत दिवसातून कितीदा तरी उच्चारला जातो. जेवणाचा पहिला घास, प्रवासाचा आरंभ, पत्राची पहिली ओळ, या साऱ्यांच्या आधी 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' येते. कुरआनच्या ११४ अध्यायांपैकी नववा सोडून सर्व अध्यायांच्या शिरोभागी हेच वचन आहे. मराठीतही 'बिस्मिल्ला करणे' म्हणजे आरंभ करणे. ज्याच्या नावाने आरंभ करायचा, त्या ईश्वराची येथे दोन विशेषणे आहेत आणि ती दोन्ही दयेचीच आहेत. एकाच धातूपासून बनलेले दोन शब्द शेजारी शेजारी का यावेत? जे इतके तोंडवळणी पडले आहे त्याकडे आझादांनी पुन्हा नव्याने पाहिले.

त्यामागे त्यांचा स्वतःचा प्रवास होता. १८८८ मध्ये मक्केत जन्मलेले आझाद लहानपणीच कोलकात्यात आले. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठा शिष्यपरिवार असलेले पीर होते. त्यांचा आधुनिक शिक्षणावर विश्वास नव्हता, त्यामुळे मुलाचे सारे शिक्षण घरीच, जुन्या पद्धतीने झाले. पुढे सर सय्यद अहमद खान यांचे लेखन हाती पडले आणि तरुण वयातच मन शंकांनी घेरले गेले. निरनिराळे पंथ एकाच सत्याचा दावा करत एकमेकांना खोटे का ठरवतात, याचे उत्तर वारशाने मिळालेल्या श्रद्धेत सापडेना. त्याच सुमारास त्यांनी 'आझाद' हे नाव घेतले. परंपरेने दिलेल्या समजुतींना आपण बांधील नाही, हा त्याचा अर्थ होता. ते श्रद्धेकडे परतले, पण ती श्रद्धा आता त्यांची स्वतःची होती.

१९१२ मध्ये कोलकात्यातून सुरू केलेल्या 'अल हिलाल' साप्ताहिकाने उर्दू पत्रकारितेची भाषाच बदलली. सरकारने जामीन जप्त केला आणि पत्र बंद पडले. 'अल बलाग' हे दुसरे पत्र निघाले, पण १९१६ मध्ये आझादांना बंगालबाहेर घालवून रांचीत नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथे अनुवादाचे व भाष्याचे काम जोरात चालू असतानाच पोलिसांनी झडतीत हस्तलिखिते उचलून नेली. १९२१ मध्ये पुन्हा अटक, पुन्हा झडती. कागद परत आले तेव्हा ती केवळ फाटक्या, विस्कटलेल्या पानांची रास होती. लिहिलेले पुन्हा लिहिण्याइतके कठीण काम लेखकाला दुसरे नसावे. आझादांची कित्येक वर्षे तिकडे हात लावण्याची इच्छा झाली नाही. १९२७ मध्ये त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. १९३० मध्ये मेरठच्या तुरुंगात प्रस्तावना लिहून झाली, १९३१ मध्ये पहिला खंड आणि १९३६ मध्ये दुसरा प्रसिद्ध झाला. उरलेले काम राजकारणाच्या धकाधकीत अपुरेच राहिले.

या ग्रंथाची अर्पणपत्रिका विलक्षण आहे. १९१८ च्या डिसेंबरात रांचीत रात्रीची नमाज आटोपून आझाद मशिदीबाहेर पडले, तेव्हा घोंगडी पांघरलेला एक माणूस मागे येत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. सरहद्दीपलीकडचा हा गरीब माणूस कुरआनचे काही भाग समजून घेण्यासाठी कंदाहारहून निघाला होता आणि वाटेचा बराच भाग त्याने पायी तुडवला होता. काही दिवस राहून तो एके दिवशी न सांगता निघून गेला. निरोप घेतला तर परतीच्या वाटेसाठी पैसे देऊ केले जातील, ही त्याला भीती असावी. त्याचे नावही आझादांच्या स्मरणात राहिले नव्हते. ग्रंथ त्याला अर्पण केलेला आहे.

आझादांच्या विवरणानुसार 'रहमान' म्हणजे ज्याच्या ठायी दया आहे तो, आणि 'रहीम' म्हणजे ज्याची दया अखंड प्रकट होत राहते तो. एक शब्द गुण सांगतो, दुसरा त्या गुणाचे सततचे कार्य. याचा पुरावा ते सृष्टीत शोधतात. जगण्यापुरते अन्न, पाणी, हवा मिळाली असती तरी जग चालले असते. मग फुलांना रंग कशासाठी, पक्ष्यांना गळा कशासाठी? गरजेपलीकडचे हे सौंदर्य आझादांच्या मते केवळ पालनकर्त्याच्या हातचे नव्हे, ते दयावंताचे काम आहे. सृष्टीतील विध्वंससुद्धा नव्या रचनेची तयारी असते. सर्वांत समर्थ तो टिकतो, हा त्यांच्या काळातला परवलीचा विचार होता. आझादांनी त्यातील एकच शब्द बदलला : टिकतो तो सर्वाधिक उपयोगी पडणारा. फेस विरून जातो आणि लोकांच्या हिताचे ते जमिनीवर राहते, या कुरआनातील दृष्टांताचा आधार त्यांनी घेतला.

मग शिक्षेचे काय? आझाद तिला दयेच्या विरोधात उभी करत नाहीत. विस्तव जसा भाजतो, तसे वाईट कृत्याचे फळ मिळते, आणि तेही लगेच मिळत नाही. निसर्ग सावकाश चालतो, सावध करतो, सुधारण्यास मुदत देतो. ही मुदत हेच दयेचे रूप. फातिहामध्ये न्यायाच्या दिवसाचा उल्लेख दयेच्या नंतर येतो, कोपाचा उल्लेख ईश्वराच्या गुणांत येतच नाही, याकडे ते लक्ष वेधतात. सर्व धर्मांचे मूळ एकच आहे, या पुढच्या प्रतिपादनावरून काही उलेमांनी त्यांच्यावर टीकाही केली.

हे सारे लिहून झाले होते, तेव्हा ती तार आली. किल्ल्यात आझाद पहाटे उठून चहा करत आणि न पाठवता येणारी पत्रे लिहीत. 'गुबार-ए-खातिर' नावाने ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांना दाणे टाकता टाकता त्या अगदी तळहातावर येऊन टिपू लागल्या, याची हकीकत त्यांत आहे. तारेनंतर दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख केला आहे. शेकडो वेळा ती डोळ्यांसमोरून गेली होती. आता तिच्याशी अचानक जवळीक वाटू लागली होती. आपला दिनक्रम त्यांनी मोडला नाही, पण आतून आपण हललो आहोत, हेही त्यांनी लपवले नाही. तीन महिन्यांनी भोपाळमध्ये बहीण आबरू बेगम यांचेही निधन झाल्याची बातमी आली.

१९४५ मध्ये त्यांना बंगालमधील बांकुरा येथे हलवण्यात आले आणि जूनमध्ये सुटका झाली. हावडा स्थानकावर स्वागताला लोटलेल्या गर्दीतून वाट काढणे कठीण झाले होते. मोटार पुष्पहारांनी भरून गेली होती. आझादांनी ती घराकडे न नेता आधी कब्रस्तानाकडे नेण्यास सांगितले. त्या हारांपैकी एक त्यांनी पत्नीच्या कबरीवर वाहिला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटली.