नाना शंकरशेट : पेढीवरून कायदेमंडळात

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेट, यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका सधन व्यापारी दैवज्ञ कुटुंबात झाला. शिक्षण घरीच झाले. १८२२ मध्ये पितृछत्र हरपले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर पेढीचा भार त्यांच्यावर आला. त्यांनी व्यापार सांभाळला; परंतु संपत्ती व प्रतिष्ठा मात्र लोकशिक्षणाच्या कामी वेचली.

१८४० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सभासद होते. तेथे १८४७ च्या सुमारास शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत, इंग्रजी विद्येचे महत्त्वही मानत. तरीही बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते देशभाषेतूनच, असे त्यांनी लेखी मांडले. कर्नल जर्व्हिस व अन्य हिंदी सभासद त्यांच्या बाजूस होते. सत्ताधाऱ्यांच्या अध्यक्षासमोर उभे राहून मातृभाषेची बाजू घेणे त्या काळी सोपे नव्हते.

मुलींच्या शिक्षणास समाजाचा विरोध असताना त्यांनी आपल्या वाड्यात कन्याशाळेस जागा दिली. आगगाडी आणण्याच्या खटपटीतही ते अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमधून त्यांनी जनतेची गाऱ्हाणी पार्लमेंटपर्यंत नेली. १८५७ च्या उठावानंतर सरकारचा संशय त्यांच्यावर आला. तो निराधार ठरला. पुढे १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले. तेथील आरंभीच्या हिंदी सभासदांत ते होते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात प्रथम येणाऱ्यास त्यांच्या नावे शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. हेच चिंतामणराव पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नानांनी लावलेल्या रोपाची सावली अशी यमुनेच्या काठापर्यंत पोहोचली. महाराष्ट्रापासून दूर राहूनही आपल्या पाल्यास मराठी शाळेत धाडणाऱ्या प्रत्येक घराने नानांचाच निर्णय आपल्यापुरता पुन्हा घेतलेला असतो.